बाजारातले घर

ॐ श्री गुरू बसवलिंगाय नमः



या महिन्याच्या चिंतनासाठी अक्कमहादेवींचे एक वचन घेतले आहे. तुमच्यापैकी अनेकांना ते ठाऊक असेल, काहींच्या घरी ते नित्य पठणातही असेल. डोंगर, समुद्रकाठ आणि बाजार अशा तीन ठिकाणच्या घरांचा दृष्टांत त्यात येतो. एका घराला श्वापदांचा शेजार आहे, दुसऱ्याला लाटांचा आणि तिसऱ्याला गलक्याचा. जागा आपणच धरायची आणि मग त्या जागेच्या स्वभावाला भ्यायचे, याला काय म्हणावे, असा अक्कांचा प्रश्न आहे. या जगात जन्म घेतल्यावर स्तुती आणि निंदा या दोन्ही यायच्याच, त्या आल्या असता मनात कोप न आणता समाधानी राहावे, असा त्या वचनाचा शेवट आहे.

प्रवचनकार सहसा पहिल्या दोन घरांवर अधिक बोलतात. डोंगर म्हटला की वैराग्य सांगता येते, समुद्र म्हटला की भवसागर आठवतो. आपण आज तिसऱ्या घराकडे जाऊ, कारण आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य त्याच घरात जाते. निपाणी, बेळगाव, सोलापूर, लातूर, उदगीर, हैदराबाद, कोठेही जा, आपला समाज पेठेत बसलेला दिसेल. कोणाचे किराणा दुकान, कोणाचे कापडाचे, कोणी बँकेत, कोणी टपाल कचेरीत, कोणी एस. टी.त. या सर्वांच्या कायकाला एक गोष्ट समान आहे. त्यांच्यापुढे दिवसभर माणसे येतात, आणि त्या माणसांचे लक्ष नसते.

हे गाऱ्हाणे मठात वारंवार कानी येते. बँकेच्या रोखपालाचे म्हणणे असे की, स्लिपवर काय लिहायचे याचा फलक खिडकीच्या अगदी वर लावला आहे, तरी प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो. खाते क्रमांकातला एखादा आकडा चुकतो, सही राहते, तारीख राहते, स्लिप परत द्यावी तर माणूस आपल्यावरच डोळे काढतो. साड्यांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी म्हणाली, “गिऱ्हाईक फोनवर बोलता बोलता बोटाने दाखवते, मी तीस घड्या मोडते, आणि शेवटी माझ्याकडे न बघताच उठून जाते. मी तिथे होते हे तिला कळले तरी का?” एका कंडक्टरचे बोलणे याहून खोल गेले. तो म्हणाला, “अप्पाजी, दिवसभर घसा फोडून सांगतो, सुटे काढून ठेवा, पुढे सरका, थांबा आला. कोणी ऐकत नाही. ते जाऊ द्या. रात्री घरी गेलो की धाकटी पोर एकच गोष्ट दोनदा विचारते आणि माझा हात उठतो.”

वाचकहो, या शेवटच्या वाक्यासाठी हा लेख लिहिला आहे. पहिल्या दोन तक्रारी गिऱ्हाइकाविषयी आहेत. तिसऱ्या तक्रारीत गिऱ्हाईक केव्हाच उतरून आपल्या गावी गेले आहे, आणि त्याच्यावरचा राग एका सहा वर्षांच्या मुलीच्या पाठीवर पडतो आहे. बाजारातला गलका असा घरापर्यंत येतो. तो कोठे अडवावा, हा आजचा प्रश्न आहे.

शरणांनी कायकाला कैलासाचे मोल दिले, हे आपण जयंतीच्या व्यासपीठावरून नेहमी ऐकतो. पण कायक म्हणजे केवळ काम नव्हे, हे विसरू नये. शेतकऱ्याचे कायक मातीशी, विणकराचे सुताशी, सुताराचे लाकडाशी. माती उलट बोलत नाही, सूत तुटले तरी ते जाणूनबुजून तुटले असे विणकराला वाटत नाही. ज्याचे कायक माणसाशी आहे त्याची परीक्षा अधिक अवघड, कारण माणूस आपल्याकडे लक्ष देऊ शकत असतो आणि देत नाही. म्हणून मातीवर जो राग येत नाही तो गिऱ्हाइकावर येतो.

शरणांच्या मांदियाळीत अशी माणसांशी गाठ पडणारी कायके थोडी नव्हती. अंबिगर चौडय्या नाव चालवीत, मडिवाळ माचय्या लोकांचे कपडे धूत, मोळिगेय मारय्या लाकडाच्या मोळ्या विकीत, मेदार केतय्या बुरुडकाम करीत. नावेत बसणारा उतारू तेव्हाही गप्पांत दंग राहून चुकीच्या बाजूला बसत असेल, मोळी घेणारा तेव्हाही भाव ठरवून पुन्हा घासाघीस करीत असेल. माणूस आठशे वर्षांत फारसा बदललेला नाही. आणि स्वतः बसवण्णा कोण होते? मंगळवेढ्याला ते हिशेबनीस होते, पुढे कल्याणला बिज्जळाचे भांडारी झाले. आजच्या भाषेत सांगायचे तर ते खिडकीच्या आतल्या बाजूला बसणारे होते. दरबारात त्यांच्याविरुद्ध कागाळ्या झाल्याचे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. जमाखर्चाच्या वहीसमोर बसलेल्या माणसाचे दुःख बसवण्णांना कळत नव्हते, असे कोणी म्हणू नये.

आता शब्दांकडे वळू. अक्कांनी ‘समाधानी’ हा शब्द वापरला आहे. मराठीत समाधान म्हटले की आपण संतोष समजतो, पोटभर जेवल्यावर होणारा तो. मूळ संस्कृत शब्द ‘सम्’ आणि ‘आ’ हे उपसर्ग लागून ‘धा’ या धातूपासून झाला आहे. धा म्हणजे ठेवणे. विखुरलेले मन नीट एकत्र आणून ठेवणे म्हणजे समाधान. समाधी हा शब्दही त्याच घरचा. आणि लक्ष देणे याला संस्कृतात जो शब्द आहे तो ‘अवधान’, तोही याच धा धातूचा. मन एखाद्या वस्तूवर ठेवणे म्हणजे अवधान. गिऱ्हाइकाचे लक्ष नसते, म्हणजे त्याच्या ठिकाणी अनवधान असते. श्रद्धा हा शब्ददेखील याच धातूपासून आला आहे.

या शब्दांचे गोत्र एक आहे हे ध्यानात घेतले तर आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. समोरच्याचे अवधान आपल्या हातात नाही. ते त्याचे मन, त्याने कोठे ठेवायचे ते तो ठरवणार. आपले अवधान मात्र आपल्या हातात आहे, आणि जेथे अवधान नीट ठेवले जाते तेथे समाधान आपोआप येते. उलट घडते ते असे: गिऱ्हाइकाचे लक्ष नाही हे पाहून आपलेही लक्ष कामावरून उठते आणि त्याच्या दोषावर जाऊन बसते. मग खिडकीच्या दोन्ही बाजूंना अनवधानच उरते. पैसे मोजताना चूक होते ती अशाच वेळी. रोखपालाला विचारा, दिवसाचा हिशेब जुळत नाही तो कोणत्या दिवशी? गर्दीच्या दिवशी जुळत नाही असे नाही, वाद झालेल्या दिवशी जुळत नाही.

‘गिऱ्हाईक’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. तो ‘ग्राहक’पासून आला, आणि ग्राहक म्हणजे घेणारा. आपण समजतो की तो साखर घेतो, तिकीट घेतो, नोटा घेतो. त्याबरोबर तो आपला स्वरही घेतो, आपल्या कपाळावरची आठीही घेतो. साखर संपते, आठी पुष्कळ दिवस लक्षात राहते.

आता हे अनवधान येते कोठून, ते शांतपणे पाहू. सगळ्या गिऱ्हाइकांना एका मापाने मोजणे हा आपला पहिला दोष आहे.

काहींना वाचता येत नाही. फलक डोक्यावर असला काय आणि नसला काय, त्यांना सारखेच. मला वाचता येत नाही हे चारचौघांत सांगायची लाज वाटते, म्हणून ते ‘कुठं लिहायचं?’ असे विचारतात. काहींना ऐकू कमी येते आणि तेही ते लपवतात. काहींची अडचण भाषेची असते. आमच्या सीमाभागात १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून घराची भाषा एक आणि कागदाची भाषा दुसरी, असे लाखो लोक आहेत. खानापूर तालुक्यातली मराठी म्हातारी कन्नड फलकापुढे, आणि सोलापूर जिल्ह्यातला कन्नड शेतकरी मराठी अर्जापुढे, सारखाच गोंधळतो. त्याला मूर्ख समजणारा कारकून हे विसरतो की शरणांनी धर्माचे गूढ लोकांच्या बोलीत सांगितले, आणि ते पंडितांच्या भाषेत राहिले असते तर आपल्या दारापर्यंत पोहोचलेच नसते. समोरच्याच्या भाषेतली चार वाक्ये शिकून घेणे हे खिडकीमागच्या माणसाला अवघड नाही. भाषेच्या अभिमानाने जे होत नाही ते त्या चार वाक्यांनी होते.

काहींचे कान भयाने बंद झालेले असतात. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा चलनातून काढल्याचे जाहीर झाले, त्यानंतरचे आठवडे बँकेतल्या भक्तांनी अनुभवले आहेत. तीच सूचना शंभर वेळा सांगावी लागली, कारण रांगेतल्या माणसाला सूचना ऐकू येत नव्हती, त्याला घरच्या डब्यातले पैसे दिसत होते. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला द्यायला येतात. आपण जिवंत आहोत हे कागदावर सिद्ध करण्यासाठी ऐंशी वर्षांचा माणूस उभा असतो, यंत्रावर त्याचे झिजलेले बोट उमटत नाही, आणि आतून आवाज येतो, ‘नीट दाबा हो!’ तो नीटच दाबत असतो.

काही जण दुःखात असतात. पतीच्या मृत्यूचा दाखला घेऊन आलेली बाई एकच गोष्ट तीनदा विचारते. तुमच्या दृष्टीने तो त्या दिवशीचा ऐंशीवा अर्ज असतो. तिच्या आयुष्यात तो पहिला आणि शेवटचा असतो. हा फरक नुसता ध्यानात ठेवला तरी आवाज खाली येतो.

आणि काही जण खरोखरच बेफिकीर असतात, हेही मान्य केले पाहिजे. कानाला फोन लावून बोटांनी हुकूम सोडणारे, नोकराला माणूस न समजणारे, आहेत. त्यांच्याविषयी पुढे बोलू. पण दहांपैकी कितीजण या शेवटच्या वर्गातले आणि कितीजण आधीच्या, हे तुम्ही आठवडाभर मोजून पाहा. मोजण्याची सवय बाजारातल्या माणसाला सांगावी लागत नाही.

कंडक्टर बंधूंचे उदाहरण घेऊ. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजना सुरू झाली. राज्यातल्या महिलांना सरकारी साध्या गाड्यांतून विनामूल्य प्रवास मिळाला, मात्र रहिवासाचा पुरावा दाखवून शून्य रकमेचे तिकीट घ्यावे लागते. गाड्या भरून वाहू लागल्या. ज्यांना माहेरी जायला पूर्वी दहा वेळा विचार करावा लागे त्या बाया बाहेर पडल्या, हे चांगलेच झाले. पण सीमेवरच्या गाडीत कंडक्टरने प्रत्येकीचे कार्ड पाहायचे, पलीकडच्या राज्यातल्या बाईला ‘तुम्हाला पैसे पडतील’ असे सांगायचे, आणि तिने ‘मग तिला कसे फुकट?’ म्हणून भांडायचे. पलीकडे महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस. टी.त अर्धे तिकीट झाले, तेथले नियम वेगळे. नियम कंडक्टरने केलेला नाही, बाईनेही केलेला नाही. दोघे एकाच धक्क्यात उभे आहेत आणि एकमेकांना गुन्हेगार समजत आहेत. येथे कंडक्टरने मनाशी एवढेच म्हणावे, ‘ही माझ्यावर रागावलेली नाही, ही गोंधळली आहे.’ हे वाक्य खोटे ठरण्याचे प्रसंग थोडे येतात.

क्रोधाविषयी बसवण्णांचे जे प्रसिद्ध वचन आहे त्याचा आशय असा की, आपल्यावर रागावणाऱ्यावर आपण उलट रागावून त्याचे काही जात नाही आणि आपल्याला काही मिळत नाही. देहातला राग थोरपण घालवतो, मनातला राग ज्ञान घालवतो. त्यासाठी त्यांनी घरातल्या आगीचा दाखला दिला आहे. ती शेजाऱ्याच्या घराकडे जाण्यापूर्वी जेथे पेटली ते घर जाळते. हा दाखला पुष्कळांना अलंकार वाटतो. त्या कंडक्टरच्या घरात डोकावून पाहा, तो अलंकार राहत नाही. आग गाडीत पेटली आणि जळले त्याचे घर.

मग राग कोठे ठेवावा? येथे आय्दक्की मारय्या आणि त्यांची पत्नी लक्कम्मा यांची कथा आठवावी. बसवण्णांच्या महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. एके दिवशी ते नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घेऊन आले. लक्कम्मांनी पदर पसरून ते घेतले नाहीत. रोजच्या गरजेपेक्षा अधिक घरात आणणे म्हणजे मनाची आशा वाढवणे, हे अधिकचे जेथून आणले तेथे नेऊन टाका, असे त्यांनी पतीला बजावले, आणि मारय्यांनी तसे केले. ही कथा आपण अपरिग्रहासाठी सांगतो. ती आजच्या प्रश्नालाही लागू आहे. तुम्ही संध्याकाळी दुकानातून, बँकेतून, डेपोतून घरी येता तेव्हा पिशवीत काय काय आणता? पगार हा रोजचा शेर. त्यावर अधिकचे म्हणून जे आणता, अमक्याचा टोमणा, तमक्याची हुज्जत, ते घराच्या मापाबाहेरचे तांदूळ आहेत. ते उंबऱ्याच्या आत घेऊ नयेत. आणि घरच्या भगिनींना सांगणे असे की, तुम्ही लक्कम्मा व्हा. नवरा आल्याबरोबर ‘आज काय झालं?’ म्हणून ती पिशवी उघडू नका. आधी हातपाय धुऊ द्या, भस्म लावू द्या, पाणी प्यायला द्या. ज्या घरी पत्नी नोकरीला जाते तेथे हेच काम नवऱ्याने करावे. मारय्या घरात आणि लक्कम्मा बाजारात, असेही आता पुष्कळ ठिकाणी आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. उपदेश ऐकून मन क्षणभर निवते, आणि सकाळी दहा वाजता खिडकी उघडली की पुन्हा तेच होते. म्हणून नेम हवा.

पहिला नेम सकाळचा. आपण इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्यावर दृष्टी स्थिर करतो. ती अवधानाचीच साधना आहे. त्याच तळहातावर दिवसभर पासबुके, नोटा, तिकिटे, कापडाचे थान येणार आहे. पूजा संपल्यावर क्षणभर त्या हाताकडे पाहून ‘येथे जे येईल त्याकडे लक्ष देईन’ असा संकल्प करावा. याला वेगळा वेळ लागत नाही.

दुसरा नेम दोन गिऱ्हाइकांच्या मधला. एक गेला आणि दुसरा यायचा आहे, तेवढ्यात एक पूर्ण श्वास घ्यावा आणि मनात ‘ॐ नमः शिवाय’ म्हणावे. पहिल्याचा राग दुसऱ्याला न देण्यासाठी हा उंबरठा आहे. तिसऱ्या माणसाने पहिल्याची शिवी खावी, असे बाजारात रोज घडते.

तिसरा नेम बोलण्याचा. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. ‘स्लिप भरा, सही करा, झेरॉक्स जोडा, मग तिकडच्या खिडकीवर जा’ हे एका दमात सांगितले तर धडधाकट माणसालाही शेवटचेच तेवढे ऐकू येते. आधी स्लिप द्यावी. ती भरून झाली की सही दाखवावी. समजले का, असे विचारले तर सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा ‘आता कुठे जाणार?’ असे विचारावे, मग कळले की नाही ते कळते. फलक वर लावण्याऐवजी एक स्लिप नमुन्यादाखल भरून, जेथे माणूस लिहायला वाकतो त्या फळीवर काचेखाली ठेवावी. ज्याला वाचता येते तो ती पाहून लिहील, आणि ज्याला येत नाही त्याच्यासाठी तुमचा वेळ मोकळा राहील.

चौथा नेम फोनवाल्यांसाठी. कोणी फोनवर बोलत खिडकीशी आला तर त्याच्याशी बोलूच नये, आणि रागावूही नये. हात जोडून ‘आपले बोलणे होऊ द्या’ म्हणावे आणि मागच्या माणसाला पुढे घ्यावे. यात अपमान नाही, आणि शिस्त आहे. साडीच्या दुकानातल्या भगिनीनेही हेच करावे. फोन चालू असेतो घडी मोडू नये. हात थांबले की समोरची मान वर करून पाहते.

आता खऱ्या उद्धटांविषयी. समाधान म्हणजे मुकाट्याने शिव्या खाणे, असा अर्थ कोणी घेऊ नये. चौडय्या किती परखड बोलत हे त्यांची वचने वाचणाऱ्याला ठाऊक आहे. अक्कांना राजवाड्याचा दाब सहन झाला नाही तेव्हा त्या राजवाडा सोडून निघाल्या. दुर्लक्ष सहन करावे, अपमान सहन करण्याची आज्ञा कोणत्याही शरणाने दिलेली नाही. कोणी अंगावर आला, घाणेरडे बोलला, भगिनींशी लघळपणा केला, तर काम थांबवावे, आवाज न चढवता ‘असे बोलणे चालणार नाही’ म्हणावे आणि वरिष्ठांना बोलवावे. क्रोधाशिवाय केलेला प्रतिकार हाच खरा प्रतिकार. क्रोधात आपण बोलतो फार आणि सांगायचे ते राहून जाते.

वरिष्ठांनाही दोन शब्द सांगणे आहे, कारण आपल्या समाजात नोकर आहेत तसे मालकही आहेत. सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत मुलीला उभे ठेवायचे, बसायला स्टूल द्यायचे नाही, आणि तिने हसतमुख राहावे अशी अपेक्षा करायची, हा कोणता दासोह? थकलेल्या पायांचा राग तोंडावाटे बाहेर येतो. दुकानात काम करणाऱ्यांना बसायची सोय दिलीच पाहिजे असा कायदा केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये केला. जी गोष्ट शरणांच्या अनुयायांनी धर्म म्हणून आधीच करायची ती सरकारला कायदा करून सांगावी लागते, याचा विचार पेठेतल्या प्रत्येक भक्ताने करावा. गिऱ्हाईक देव आहे अशी पाटी लावणाऱ्या दुकानात नोकर हा दगड ठरू नये. आणि गिऱ्हाइकाने खोटी तक्रार केली असता, त्याच्यासमोर नोकराला झापून गिऱ्हाईक राखणाऱ्या मालकाने दोघांनाही गमावलेले असते.

शेवटी, वाचकहो, खिडकीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पाहू. रोखपाल संध्याकाळी भाजी घ्यायला जातो, कंडक्टर दवाखान्यात जातो, साडी विकणारी मुलगी रेशन दुकानापुढे उभी राहते. तेथे ते गिऱ्हाईक असतात. आज यूपीआयचे पैसे फोनवरून देताना आपण भाजीवालीच्या तोंडाकडे तरी पाहतो का? यंत्र मोठ्याने रक्कम सांगते, आपण निघतो. पूर्वी सुटे पैसे देता-घेता निदान हाताला हात लागत असे. मठात प्रसादाच्या पंगतीत वाढणारा ‘भात घ्या’ म्हणून उभा असतो आणि ताटावर बसलेला फोन पाहत असतो. वाढणारा दासोह करतो आहे, घेणारा प्रसाद घेतो आहे, आणि दोघांची दृष्टभेट नाही. तेव्हा ज्या अनवधानाचा आपल्याला दिवसभर त्रास होतो ते आपणही दुसऱ्याला देतो. लोकांचा वाकडेपणा सरळ करायला निघण्याआधी आपले तन आणि मन सरळ करावे, ही बसवण्णांची शिकवण येथे थेट लागू पडते. या महिनाभर प्रत्येकाने एक व्रत घ्यावे. जेथे आपण गिऱ्हाईक म्हणून जाऊ तेथे फोन खिशात ठेवू, समोरच्याकडे पाहू, त्याचे बोलणे पूर्ण ऐकू आणि निघताना शरणार्थी म्हणू. शरणार्थी म्हणणे जमत नसेल तेथे नमस्कार म्हणावा. एका गावातल्या शंभर भक्तांनी एवढे केले तरी शंभर खिडक्यांमागे एक माणूस त्या संध्याकाळी हलका होऊन घरी जाईल.

बाजार गप्प होणार नाही. बाजार गप्प झाला तर आपली चूल पेटणार नाही, कारण त्याच गलक्यातून आपला घास येतो. अक्कांनी गलका थांबवायला सांगितलेले नाही, त्या घरातल्या माणसाने समाधानी राहावे एवढेच सांगितले आहे. मन विखुरले की ते पुन्हा उचलून जागेवर ठेवायचे, दिवसातून शंभर वेळा ठेवावे लागले तरी ठेवायचे. त्या कंडक्टर बंधूंना मी इतकेच सांगतो की, शेवटची फेरी झाल्यावर गाडी डेपोत लागते आणि सगळे उतारू उतरतात, तेव्हा एकदा मागे वळून रिकाम्या गाडीकडे पाहा. कोणी राहिलेले नसते. मनातही कोणी राहिलेले नाही ना, ते पाहून मग घराची वाट धरा. दारात मुलगी उभी असेल. तिचा प्रश्न दुसऱ्यांदा आला तर तो दिवसातला पहिलाच प्रश्न समजून ऐका.

बसवादी शरणांची कृपा तुम्हा सर्वांच्या कायकावर आणि घरावर राहो.

शरणु शरणार्थी.